५६ अंशांचा निबंध

पत्र: मी नववीत आहे, मानेवाड्याला राहते. शाळेत चालू घडामोडींवर निबंध दिला आहे. विषय ‘नागपूरचा उन्हाळा’, मर्यादा ८०० शब्द, मुदत १० दिवस. मॅडम म्हणाल्या, माहिती कुठून घेतली ते शेवटी लिहायचं आणि नेटवरून उतरवायचं नाही. मोबाइलवर शोधलं तर खूपच निघालं. एका बातमीत नागपूरचं तापमान ५६ अंश आहे, दुसरीकडे ४७.९, आणि मोबाइलच्या ॲपवर वेगळंच. बाबा म्हणतात ५६च खरं, तेव्हा टीव्हीवर दाखवलं होतं. मैत्रिणीने एआयकडून पाच मिनिटांत निबंध लिहून घेतला आणि तो मला माझ्यापेक्षा छान वाटतो. मी सुरुवात कुठून करू?
— एक विद्यार्थिनी

उत्तर:

तीन आकडे दिसले आणि तू अडलीस. मग तिथूनच सुरुवात कर. ‘नागपूरचा उन्हाळा’ हा विषय ८०० शब्दांसाठी फार पसरट आहे. त्यात कूलर आले, पाणीटंचाई आली, संत्र्याची फळगळ, शाळांच्या वेळा, सिमेंटचे रस्ते, उष्माघात, तोडलेली झाडं, सगळंच आलं. प्रत्येकाला शंभर-शंभर शब्द दिले की मर्यादा पूर्ण होते, पण वाचणाऱ्याला आधी माहीत नव्हतं असं त्यात काहीच उरत नाही. आणि मॅडमच्या टेबलावर तसे चाळीस निबंध येणार आहेत.

म्हणून विषयाचा आधी प्रश्न कर. एका वाक्यात मावेल आणि दहा दिवसांत उत्तर सापडेल असा. ‘नागपूर इतकं का तापतं?’ हा प्रश्न चांगला आहे, पण त्यासाठी भूगोल, शहराची वाढ आणि निदान तीस वर्षांच्या नोंदी हाताशी लागतात. नववीत तो पेलत नाही. ‘उन्हाळ्यात कोणती काळजी घ्यावी?’ याचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे: पन्हं, कांदा, डोक्याला दुपट्टा. आम्ही सुचवू तो प्रश्न असा: उन्हाळ्याच्या बातमीतला तापमानाचा आकडा खरा की खोटा, हे कसं ओळखायचं? सुरुवातीला यंदाच्या उन्हाळ्यातली, गेल्या दोन-तीन आठवड्यांतली एक बातमी घे, म्हणजे ‘चालू घडामोड’ ही अट पूर्ण होते. मुख्य दाखला म्हणून ५६ अंशांचं प्रकरण घे. मथळा मॅडमनी दिला तोच ठेव आणि त्याखाली तुझा प्रश्न उपशीर्षक म्हणून लिही. लिहायला बसण्याआधी हे त्यांना एकदा दाखव. दोन मिनिटांचं काम आहे, आणि नंतर ‘विषय सोडून लिहिलंस’ असं ऐकावं लागत नाही.

आता त्या ५६चं. बाबांनी टीव्हीवर पाहिलं ते बरोबर आहे, तशी बातमी खरंच आली होती. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस अशी नोंद केली. पण त्याच दिवशी परिसरातल्या इतर काही केंद्रांवर पारा ४४ अंशांच्या आसपास होता. हवामान विभागाने नंतर स्पष्ट केलं की सेन्सर बिघडल्यामुळे ती नोंद चुकीची होती. आदल्याच दिवशी, २९ मे ला, दिल्लीत मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ दाखवले होते. तिथलाही सेन्सर सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचं तपासणीत निघालं. म्हणजे बातमी आली हे खरं आणि आकडा खोटा हेही खरं. ही दोन वाक्यं एकमेकांना कापत नाहीत. तुझ्या निबंधाचा कणा हाच आहे.

तुझा दुसरा आकडा, ४७.९, हा नागपूरच्या अधिकृत नोंदीतला उच्चांक आहे, २३ मे २०१३ चा. तो ‘आजचं तापमान’ म्हणून लिहिलास तर चूक. ‘आतापर्यंतचा उच्चांक’ म्हणून तारखेसकट लिहिलास तर बरोबर. ॲपवरचा आकडा बहुतेक वेळा तुझ्या गल्लीत कुणी थर्मामीटर लावून मोजलेला नसतो. संगणकाच्या प्रारूपावरून त्या भागासाठी काढलेला तो अंदाज असतो. त्यातही ॲपवर दोन आकडे असतात, एक हवेचं तापमान आणि एक ‘जाणवणारं’ तापमान. दुसऱ्यात दमटपणा वगैरे धरलेला असतो. घाईत मुलं बरेचदा तोच उतरवतात, तो मोठा असेल तर हमखास.

असा एखादा चमकदार आकडा दिसला की त्याला आधी शेजारी उभं करून बघायचं. भारतातला आजवरचा अधिकृत उच्चांक ५१ अंश आहे, राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६ चा. जगातला ५६.७, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, १० जुलै १९१३ चा. नागपूरचे ५६ खरे असते तर आपण देशाचा विक्रम पाच अंशांनी मोडला असता आणि जगाच्या विक्रमापासून पाऊण अंशापेक्षाही कमी अंतरावर असतो. शिवाय त्या दिवशी आजूबाजूच्या सगळ्याच केंद्रांवर निदान ५० तरी दिसायला हवे होते. हवा काही एकाच कुंपणाच्या आत १२ अंशांनी तापत नाही. हा तर्क निबंधात जसाच्या तसा मांड. ‘हवामान खातं आकडे लपवतं’ असं म्हणणाऱ्यालाही याचंच उत्तर देता येतं. नुसतं ‘हवामान विभागाने खुलासा केला’ एवढ्यावर थांबलीस तर त्याची शंका तशीच राहते.

तापमान मोजतात कसं, यावर एक लहान परिच्छेद हवाच. अधिकृत नोंद उन्हातली नसते, सावलीतली असते. पांढऱ्या रंगाची, झडपांसारख्या फटी असलेली लाकडी पेटी जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर उभी करतात आणि थर्मामीटर तिच्या आत असतो, म्हणजे हवा खेळती राहते आणि ऊन थेट लागत नाही. तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. स्वयंचलित केंद्रात पाऱ्याऐवजी इलेक्ट्रॉनिक सेन्सर असतो आणि त्याची नोंद माणसाशिवाय पुढे जाते. तो बिघडला, त्याभोवतीची हवा कोंडली किंवा वेळेवर तपासणी झाली नाही की नोंद चुकते, आणि मध्ये कुणी बघणारं नसल्यामुळे चुकीचा आकडाही तितक्याच सहज बाहेर पडतो. गच्चीवरच्या किंवा गाडीतल्या थर्मामीटरचा आकडा अधिकृत आकड्यापेक्षा जास्त का, हेही यातूनच उलगडतं: तिथे स्लॅब, पत्रा, डांबर यांची उष्णता मिसळलेली असते. घरी साधं थर्मामीटर असेल तर एक दिवस सकाळी दहाच्या सुमारास ते पंधरा मिनिटं उन्हात आणि पंधरा मिनिटं सावलीत, भिंतीपासून दूर टांग आणि दोन्ही आकडे लिहून ठेव. निबंधात ती दोन वाक्यं तुझ्या स्वतःच्या हातची असतील. दुपारी दोनला गच्चीवर जाऊ नकोस, त्याची काही गरज नाही.

‘उष्णतेची लाट’ हा शब्द तू वापरणारच, म्हणून त्याचा नियम नीट समजून घे. बातम्यांतही तो सैल वापरतात. सपाट प्रदेशासाठी हवामान विभागाची पहिली अट म्हणजे कमाल तापमान निदान ४० अंश हवं. त्यानंतर ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असेल तर लाट, त्याहून जास्त असेल तर तीव्र लाट. किंवा सरासरी काहीही असो, पारा ४५ ला पोहोचला तर लाट, ४७ ला पोहोचला तर तीव्र लाट. आणि एका हवामान उपविभागात, म्हणजे आपल्यासाठी विदर्भात, निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असं झालं तर दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते.

आता हा नियम नागपूरला लावून बघ, गंमत कळेल. मे महिन्याच्या उत्तरार्धात, नवतप्याच्या दिवसांत, इथलं सरासरी कमाल तापमानच ४३ च्या आसपास असतं. त्यात ४.५ मिळवले तर ४७.५ होतात. म्हणजे सरासरीचा नियम इथे त्या दिवसांत जवळपास लागूच पडत नाही; ४५ ची रेघ ओलांडली तरच लाट. ४४ अंशांत अंगाची लाही होत असते, पण कागदावर लाट नसते. उलट मार्चमध्ये सरासरी ३६ च्या जवळपास असते, तेव्हा ४१ अंशही लाट ठरू शकतात. ‘४४ असूनही लाट नाही, ४१ असून लाट’ हे वाक्य तुझ्या वर्गात दुसऱ्या कुणाच्या निबंधात सापडणार नाही. यातली ‘सरासरी’ म्हणजे कालची किंवा गेल्या वर्षीची नव्हे. ती तीस वर्षांची असते. सध्या १९९१ ते २०२० ही वर्षं धरतात.

ही माहिती शोधायची कशी? मोबाइलवर ‘नागपूर उन्हाळा’ असं टाकलंस की हजारो निकाल येणारच. बातमीदार जे शब्द वापरतात ते वापर: कमाल तापमान, पारा, उष्माघात, स्वयंचलित हवामान केंद्र, सेन्सर. आकडा एकदा देवनागरीत आणि एकदा इंग्रजी अंकांत टाक, कारण शोधयंत्र दोन्ही सारखे धरेलच असं नाही आणि मराठी संकेतस्थळं दोन्ही तऱ्हेने लिहितात. शोधाच्या पर्यायांत तारखेची मर्यादा घालता येते. २९ मे ते ५ जून २०२४ अशी घाल. मग बातम्या ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने वाच: आधी आकडा, मग शंका, मग खुलासा. पहिली बातमी मोठ्या मथळ्याची असते, खुलासा बहुधा आतल्या पानावर चार ओळींत असतो. बाबांपर्यंत पहिली पोहोचली आणि दुसरी नाही, यात त्यांचा काही दोष नाही.

बातमीचा दिवस बघितल्याशिवाय आकडा उचलू नकोस. तुझ्या वर्गात कुणी समृद्धी महामार्गावर लिहीत असेल तर त्याला ५२०, ६००, ६२५ आणि ७०१ किलोमीटर असे चार आकडे सापडतील आणि चारही बरोबर असतील. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, मे २०२३ मध्ये भरवीरपर्यंतचे ८० वाढले, मार्च २०२४ मध्ये इगतपुरीपर्यंतचे २५, आणि जून २०२५ मध्ये आमणेपर्यंतचे शेवटचे ७६. मधल्याच एखाद्या बातमीतून आकडा घेऊन ‘आज महामार्ग इतका आहे’ असं लिहिलं की निबंध शिळा होतो. आपत्तीच्या बातम्यांत हे आणखी जपावं लागतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून शहरात पाणी शिरलं, तेव्हा नुकसानीचे आणि मृतांचे पहिल्या दिवसाचे आकडे पुढच्या दिवसांत बदलले. पहिल्या दिवशीचा वार्ताहर खोटं बोलत नव्हता. त्याला तेवढंच कळलं होतं. अशा घटनेत निदान आठवडाभरानंतरची बातमी गाठायची.

एकच बातमी पाच वृत्तपत्रांत दिसली म्हणजे पाच पुरावे झाले, असंही समजू नकोस. बातमीच्या वर किंवा खाली ‘वृत्तसंस्था’ किंवा ‘पीटीआय’ लिहिलेलं असेल, वाक्यंही थोडीफार तीच असतील, तर पाचही जणांनी एकाच ठिकाणाहून घेतलं आहे. तो एकच स्रोत. दुसरा स्रोत वेगळ्या माणसाकडून, वेगळ्या कागदातून यायला हवा.

तुझ्या विषयाला मूळ कागद सहज मिळतो. विदर्भाचं काम सोनेगावला विमानतळाजवळच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून चालतं आणि त्यांच्या संकेतस्थळावर रोजचं कमाल-किमान तापमान आणि सरासरीपासूनचा फरक दिलेला असतो. यंदाच्या बातमीतला आकडा तिथे ताडून बघ. याला दहा मिनिटं लागतील आणि निबंधातला सगळ्यात वजनदार परिच्छेद त्यातून निघेल. राज्य सरकारच्या घोषणांसाठी ‘महासंवाद’ हे संकेतस्थळ आहे, केंद्राच्या घोषणांसाठी पत्र सूचना कार्यालय. दोन्हीकडे मराठीत मिळतं. फक्त एक ध्यानात ठेव: सरकारी पत्रकात काय ठरलं ते असतं, ते प्रत्यक्षात झालं की नाही हे नसतं. उष्णतेसाठी महापालिकेचा कृती आराखडा आहे. त्यात लिहिलेली पाणपोई तुझ्या चौकात आहे का, हे तुझे तूच बघू शकतेस.

छापील वृत्तपत्रांसाठी वाचनालयात एक दुपार घालव. सीताबर्डीचं राजाराम सीताराम दीक्षित वाचनालय आहे, शासकीय विभागीय ग्रंथालय आहे. जाण्याआधी वेळ आणि जुने अंक किती मागचे मिळतात ते विचारून घे, नाहीतर फेरी फुकट जाते. नागपूर आवृत्तीच माग. मुंबई-पुण्याच्या आवृत्तीत इथल्या बातमीचं दोन परिच्छेदांचं शेपूट तेवढं येतं. मराठी वृत्तपत्रासोबत ‘द हितवाद’ हे इंग्रजी दैनिकही चाळ. ते इथलंच आहे, आणि एकाच घटनेची दोन वर्णनं शेजारी ठेवली की कोणी काय गाळलं ते दिसतं. विकिपीडिया वाचायला हरकत नाही, पण त्याचं नाव स्रोत म्हणून देऊ नकोस. लेखाखालच्या संदर्भांवर जा आणि ते उघडून वाच. व्हॉट्सॲपवर आलेलं रस्त्यावर अंडं तळण्याचं चित्र वगैरे सरळ सोडून दे. अगदीच मोह झाला तर ते गूगल लेन्समध्ये टाक. अशी चित्रं बहुधा जुनी किंवा भलत्याच देशातली निघतात.

वाचताना टिपणं काढायला वहीच्या पानावर चार रकाने आख: काय म्हटलं, कोणी म्हटलं, कधी, आणि कुठे वाचलं. शेवटच्या रकान्यात वृत्तपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख आणि पान. नुसती लिंक ठेवलीस तर काही महिन्यांनी ती उघडत नाही, किंवा वर्गणी मागते. असे बारा-पंधरा नोंदींचे रकाने भरले की वाचन थांबव, ८०० शब्दांना पुरतात. तीस लिंक गोळा करून नवव्या दिवशी लिहायला बसणारी मुलं हमखास उतरवतात, कारण तोवर दमलेली असतात. टिपण काढताना बातमी वाच, मोबाइल पालथा ठेव आणि मग आपल्या शब्दांत लिही. समोर बघून ‘आपल्या शब्दांत’ लिहिलं की दोन शब्द बदललेलं त्यांचंच वाक्य येतं. एखादं वाक्य जसंच्या तसं हवंच असेल तर टिपणातच अवतरणचिन्हं घाल. नंतर ते कुणाचं होतं हे आठवत नाही.

एखाद्या माणसाशी बोलायचं ठरवलंस तर दुपारी उन्हात काम करणाऱ्याशी बोल: गोकुळपेठेतली भाजीवाली मावशी, कॉटन मार्केटमधला हमाल, ट्रॅफिक पोलीस. ‘ऊन खूप आहे ना?’ असं विचारलं तर ‘हो’ एवढंच हाती लागतं. ‘मे महिन्यात दुकान किती वाजता लावता आणि कधी उचलता? पूर्वी कधी उचलत होतात?’ असं विचार. कशासाठी विचारते ते आधी सांग, निबंधात नाव लिहू नकोस, आणि एका मावशीच्या बोलण्यावरून ‘नागपूरकर म्हणतात’ असं तर मुळीच लिहू नकोस.

आता लेखन. ८०० शब्दांचा साधारण हिशेब असा ठेव: यंदाची बातमी आणि तुझा प्रश्न १०० शब्दांत, तापमान कसं मोजतात आणि लाट कशाला म्हणतात यासाठी २००, ५६ चं प्रकरण, क्रमवार, ३००, ‘आकडा खोटा म्हणजे ऊन खोटं का?’ या प्रश्नाला १२०. उरलेल्यात तुझं उत्तर. चौथा भाग मुलं विसरतात, आणि तोच नसेल तर निबंध एकांगी होतो. सेन्सर बिघडला म्हणून नागपूरचं ऊन सौम्य होत नाही, ४७.९ खरे आहेत, आणि ४४ अंशांतही उष्माघात होतो. इथे मृत्यूंचे आकडे घेतलेस तर ‘संशयित’ शब्द गाळू नकोस. उन्हाळ्यात रस्त्यावर आढळलेल्या मृतदेहांबद्दल आधी ‘संशयित उष्माघात’ अशी बातमी येते, वैद्यकीय तपासणीनंतर पुष्टी झालेले मृत्यू वेगळे आणि बरेचदा कमी असतात. दोन्ही आकडे द्यायचे असतील तर दोन्हीची नावं वेगळी ठेव.

जागतिक तापमानवाढीवर एकच वाक्य पुरे. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचं सरासरी तापमान १८५० ते १९०० च्या तुलनेत सुमारे १.१ अंशाने जास्त होतं, असं आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीचा २०२१ चा अहवाल सांगतो. पण त्यावरून ‘म्हणून परवा नागपुरात ४५ झाले’ अशी उडी मारू नकोस. एका दिवसाचं ऊन आणि तीस वर्षांचं हवामान यांत अंतर आहे, आणि चांगले शिक्षक लाल पेन नेमका तिथे लावतात.

वाक्यं कशी तपासायची, ते एका परिच्छेदावर बघ. वर्गात बहुधा असं लिहितात: ‘आजच्या आधुनिक युगात नागपूरचे तापमान दिवसेंदिवस प्रचंड वाढत असून पारा ५६ अंशांवर गेला आहे. त्यामुळे अनेक लोक मृत्युमुखी पडत आहेत. याला मानवाचा स्वार्थ जबाबदार आहे.’ यात ‘प्रचंड’ला माप नाही, ५६ ला तारीख नाही, ‘अनेक’ म्हणजे दोन की दोनशे ते कळत नाही, आणि शेवटचं वाक्य कोणत्याही निबंधात चिकटवता येतं, प्लास्टिकपासून क्रिकेटपर्यंत. तीच जागा अशी भरता येते: ‘३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवलं. त्याच दिवशी इतर काही केंद्रांवर पारा ४४ च्या आसपास होता. सेन्सरमध्ये बिघाड होता, असं हवामान विभागाने नंतर सांगितलं. पण तोवर आकडा घरोघरी पोहोचला होता. माझे बाबा आजही ५६च सांगतात.’ शेवटच्या वाक्यासाठी बाबांना आधी विचार. ते हसून ‘हो’ म्हणतील, आणि नाही म्हणाले तर ‘आमच्या घरात आजही ५६च सांगतात’ असं कर.

सुरुवातीची सुविचार-कवितेची ओळ आणि शेवटचं ‘चला तर मग, झाडे लावूया’ हे दोन्ही सोडून दे. आत्मकथनात किंवा वर्णनात्मक निबंधात ओळी खपतात, वैचारिक निबंधात त्या जागा अडवतात. शेवटी तुझ्या प्रश्नाचं उत्तर दे: उन्हाळ्याची बातमी वाचताना केंद्र कोणतं, माणूस नोंद घेतो ते की स्वयंचलित, आणि शेजारच्या केंद्रावर किती, एवढं पाहिल्याशिवाय आकडा पुढे पाठवू नये, असं तुला वाटतं की नाही? वाटत असेल तर तसं लिही. वेगळं वाटत असेल तर ते लिही, फक्त कारण दे.

मैत्रिणीच्या निबंधाविषयी. तो छान वाटतो कारण त्यात एकही वाक्य अडखळत नाही. पण त्यातले आकडे एकेक करून घे आणि प्रत्येकापुढे कोण, कधी, कुठे हे लिहून बघ. एआय आत्मविश्वासाने अस्तित्वात नसलेल्या अहवालाचं नाव देतं, एका वर्षाचा आकडा दुसऱ्या वर्षाला लावतं, आणि ५६ ही निर्धास्त लिहून मोकळं होतं. त्याने दिलेला स्रोत उघडून सापडला नाही तर ते वाक्य काढून टाकायचं, बदलून ठेवायचं नाही. मॅडमची परवानगी असेल तर ‘माझ्या निबंधावर पाच शंका काढ’ असं त्याला विचारता येईल, शुद्धलेखन तपासता येईल. तसं केलंस तर स्रोतांच्या यादीत एक ओळ लिही. बाकी मॅडमना फार यंत्रं लागत नाहीत. ‘ही सरासरी कोणत्या वर्षांची गं?’ एवढं विचारलं की कोणी लिहिलं ते कळतं.

दिवसांचं म्हणशील तर पहिल्या दिवशी प्रश्न ठरव आणि मॅडमना दाखव, पुढचे चार दिवस वाचन, सहाव्या दिवशी मुद्द्यांचा क्रम, सातव्या दिवशी कच्चा निबंध एका बैठकीत. आठव्या दिवशी वहीला हात लावू नकोस. नवव्या दिवशी मोठ्याने वाच. जिथे श्वास अडकतो तिथे वाक्य तोड. कच्चा निबंध हजार शब्दांचा झाला असेल तर विशेषणं आधी उडव, माहिती नंतर. दहाव्या दिवशी पक्की प्रत. ती लिहिताना प्रत्येक आकडा टिपणाच्या वहीतून बघूनच उतरव, कच्च्या प्रतीतून नको, ४७.९ चे ४९.७ तिथेच होतात.

स्रोतांच्या यादीत पाच-सहा नोंदी भरतील. वृत्तपत्र असेल तर नाव, आवृत्ती, तारीख, पान. संकेतस्थळ असेल तर संस्थेचं नाव, पानाचं शीर्षक, आणि तू ते कधी पाहिलंस ती तारीख, कारण तापमानाची पानं रोज बदलतात. भाजीवाल्या मावशीची नोंद ‘प्रत्यक्ष संवाद, गोकुळपेठ बाजार’ आणि तारीख. ‘गूगल’ आणि ‘यूट्यूब’ असं लिहू नकोस. ती शोधायची ठिकाणं झाली, माहिती तिथे दुसऱ्या कुणीतरी ठेवलेली असते आणि नाव त्याचं द्यायचं असतं.